चिअर्स... पण जरा दमानं!

पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीज, गडचांदूरचं चुनखडीचं पाणी आणि जंगलातला मोह... ग्लास ओठाला लावण्याआधी थोडं चवीबद्दल बोलूया?

शनिवारची संध्याकाळ. आठवडाभराची शिफ्ट संपलेली, हेल्मेट आणि सेफ्टी शूज कोपऱ्यात, आणि मोबाइलवर ग्रुपमध्ये एकच मेसेज फिरतोय : 'बसायचं का?' माणिकगड असो, आवारपूर असो की उपरवाही, सिमेंटच्या या पट्ट्यात नोकरीला आलेल्या तरुण मंडळींचा वीकएंड असाच सुरू होतो. मग दुकानाच्या काउंटरवर दोनच प्रश्न विचारले जातात. एक, 'स्ट्राँग आहे का?' आणि दुसरा, 'चिल्ड आहे ना?'

चव कशी आहे, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही येत नाही.

यात बिचाऱ्या इंजिनीअरचा काही दोष नाही बरं का. आपल्या देशात खपणाऱ्या बिअरमध्ये स्ट्राँग बिअरचाच वाटा मोठा. 'पैसा वसूल' हा आपला फंडा. कमी पैशात, कमी वेळात, जास्त 'किक'! पण गेल्या पंधरा-सोळा वर्षांत पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबादमध्ये बिअरची एक वेगळीच दुनिया उभी राहिलीय. तिथे लोक ग्लास आधी उजेडात धरतात, मग नाकाशी नेतात आणि शेवटी घोट घेतात. तिथल्या मेन्यूकार्डवर बिअरला चहासारखी, आंब्यासारखी, तांदळासारखी जात असते. ही दुनिया गडचांदूरहून लांब वाटते खरी. पण गंमत म्हणजे ती समजून घ्यायला गडचांदूरइतकी भारी जागा नाही. कारण बिअरमध्ये सगळ्यात जास्त असतं ते पाणी. आणि पाण्याला चव देणाऱ्या दगडावरच तर हे गाव उभं आहे!

देवळालीहून डूलाली

थोडी हिस्ट्री. मायक्रोब्रुअरी म्हणजे छोटी भट्टी. तिथे बिअर तिथेच शिजते, तिथेच मुरते आणि बहुतेक वेळा तिथेच ग्लासात ओतली जाते. कारखान्याच्या बिअरला ट्रकमधून शेकडो किलोमीटर जायचं असतं, गोदामात महिनोन्‌महिने बसायचं असतं. त्यामुळे ती पाश्चराइज करतात आणि चवही अशी ठेवतात, की कोणालाच फार आवडू नये आणि कोणालाच फार नावडू नये. छोट्या भट्टीवाल्याला ही भानगड नसते. टाकीपासून टेबल दहा पावलांवर. म्हणून तो प्रयोग करू शकतो.

महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. नाव : डूलाली. आता या नावाची गंमत ऐका. इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला. आणि हा शब्द आला कुठून, तर आपल्या नाशिकजवळच्या देवळालीहून! ब्रिटिश सैनिकांची नोकरी संपली की त्यांना देवळालीच्या छावणीत आणून ठेवत. मायदेशी जाणारं जहाज कधी लागेल याची वाट बघत ते तिथे महिनोन्‌महिने पडून असायचे. उकाडा, कंटाळा, ताप... एकेकाचं डोकं सरकायचं. त्यावरून शब्द पडला. म्हणजे राज्यातल्या पहिल्या क्राफ्ट बिअरचं नाव विलायती वाटलं, तरी मूळ अस्सल मराठी मुलखातलं. डूलाली पुढे मुंबईत गेली, पुण्यात इंडिपेंडन्स, एफिंगट अशी नावं लोकांच्या तोंडी बसली. बंगळुरूमध्ये २०१० पासून टॉइट गाजतेय. पुण्याच्याच 'मूनशाइन'ने तर मधापासून मीड बनवायला घेतलं. आपल्या शेजारच्या तेलंगणाने २०१५ मध्ये मायक्रोब्रुअरीचे नियम केले आणि हैदराबादमध्येही ताज्या बिअरचे नळ सुरू झाले.

गडचांदूरकरांसाठी हैदराबाद काही परकं नाही. जुना राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. आजही इथल्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि हिंदी एकाच वेळी ऐकू येते. मग चवीच्या बाबतीत आपण मागे का राहावं?

तुमच्या बोअरचं पाणी आणि डब्लिनचं स्टाउट

बिअरचा बेसिक मामला चार गोष्टींचा : सातू म्हणजे बार्ली, हॉप्स नावाची कडवट फुलं, यीस्ट आणि पाणी. सातू भिजवून मोड आणतात आणि मग तो सुकवतात किंवा भाजतात. याला माल्ट म्हणायचं. माल्ट गरम पाण्यात ठेवला की त्यातल्या पिठुळाची साखर होते. त्या गोड पाण्यात हॉप्स उकळायचे, थंड करायचं आणि यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल आणि बुडबुडे देतं. झालं!

यातल्या पाण्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण जगातल्या नामांकित बिअर तिथल्या पाण्यामुळे घडल्या आहेत. चेक प्रांतातल्या पिल्सेन गावचं पाणी अगदी हलकं, जवळजवळ क्षार नसलेलं. तिथे १८४२ मध्ये सोनेरी, नितळ पिल्सनर जन्माला आली. इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा करकरीत लागतो. तिथली पेल एल जगभर गेली. आणि आयर्लंडमधल्या डब्लिनचं पाणी? चुनखडीतून आलेलं, बायकार्बोनेटवालं. अशा पाण्यात फिकट माल्ट घातला तर चव तुरट आणि बोथट होते. पण काळाकुट्ट भाजलेला माल्ट जरासा आम्लधर्मी असतो. तो या पाण्याशी बरोबर जमवून घेतो. म्हणून डब्लिनमध्ये काळी स्टाउट रुजली. केमिस्ट्रीने लावलेलं लग्नच ते!

आता गडचांदूरकडे या. इथे सिमेंटचे कारखाने आले तेच मुळी चुनखडीसाठी. बोअरचं पाणी तापवलं की भांड्याच्या बुडाला, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. घरोघरी त्या थराला शिव्या बसतात. पण बिअरवाल्याच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही डब्लिनवाल्यांच्या पंगतीत बसलाय, बॉस! उद्या कोणी इथल्या पाण्याच्या स्वभावाला धरून बिअर करायची म्हटली, तर ती काळी, कॉफीच्या वासाची स्टाउटच करावी लागेल. हल्ली ब्रुअर पाणी आरओने गाळून हवे तेवढे क्षार पुन्हा घालतात आणि कुठेही काहीही बनवतात, ते सोडा. पण पाण्याची ही गोष्ट कळली की पुढचा ग्लास वेगळा लागतो, हे नक्की.

आणि माल्टच्या भाजणीचं म्हणाल तर किल्न म्हणजे काय हे गडचांदूरच्या पोरांना कोणी शिकवायची गरज नाही. इथल्या किल्नमध्ये क्लिंकर साधारण १,४५० डिग्रीला भाजतो. माल्ट दोनशे डिग्रीच्या थोडं पुढे गेला की काळा होतो. तत्त्व तेच : किती तापवलं आणि किती वेळ, यावर सगळा माल ठरतो.

चव घ्यायची कशी? सहा सोप्या स्टेप्स

१. ग्लास घ्या. बाटली तोंडाला लावली की नाक बाहेर राहतं, आणि चवीचा मोठा हिस्सा नाकातच असतो. ग्लास स्वच्छ हवा. साबणाचा किंवा तेलाचा ओशट थर असेल तर फेस धरत नाही.

२. फेसाला घाबरू नका. ग्लास आधी तिरका धरून ओता, शेवटी सरळ करा. वर दोन बोटं फेस हवाच. सुगंध त्यातूनच वर येतो. 'फेस नको, भरून दे' ही आपली जुनी सवय. ती सोडा.

३. बर्फगार नको. अतिथंड बिअरने जीभ बधिर होते. लागर ४ ते ७ डिग्रीला छान लागते, एल आणि स्टाउट ८ ते १२ ला. म्हणजे फ्रिजमधून काढून दहा मिनिटं टेबलावर ठेवा. चंद्रपूरच्या मे महिन्यात तीनच मिनिटं पुरतील!

४. बघा, हुंगा, मग घोट. रंग बघा. मग वास घ्या : ब्रेड? संत्र्याची साल? केळं? लवंग? कॉफी? पहिला घोट जिभेवर फिरवा. गिळल्यावर घशाशी काय उरतं तेही बघा.

५. फिकटपासून काळ्याकडे. चार प्रकार चाखायचे असतील तर आधी हलकी, मग गव्हाची, मग कडवट आयपीए, शेवटी स्टाउट. उलटं केलंत तर हलकीला पाण्याची चव येईल. मायक्रोब्रुअरीत छोटे टेस्टर ग्लास मिळतात. चौघांत चार मागवा आणि फिरवा.

६. चखना साधा ठेवा. मसाला शेंगदाणे आणि चिवडा खाऊन चव घ्यायला बसलात, तर फक्त मसालाच कळेल. चाखताना साधे मुरमुरे आणि पाणी. पार्टीचं खाणं नंतर.

बस्स, इतकंच. यात कुठेही मोठे शब्द फेकायची गरज नाही. 'हिला केळ्याचा वास येतोय' म्हटलंत तरी तुम्ही बरोबर आहात. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये यीस्ट खरोखरच केळ्याच्या आणि लवंगेच्या वासाची द्रव्यं बनवतं. एक केळं न घालता! बेल्जियन विटमध्ये मात्र संत्र्याची साल आणि धणे घातलेले असतात. धणे, बरं का! म्हणजे तुमच्या आईच्या मसाल्याच्या डब्यातलीच वस्तू.

गोदामातलं ऊन

गडचांदूरमध्ये ताज्या बिअरचा नळ नाही. नागपूर दोनशे किलोमीटरच्या आसपास, हैदराबाद त्याहून दूर. मग इथे राहणाऱ्याने काय करायचं? तर बाटली नीट वाचायची.

सगळ्यात आधी तारीख बघा. बिअर ही वाइनसारखी वर्षानुवर्षं मुरवत ठेवायची चीज नाही. भाजीसारखी आहे, ताजी ती चांगली. त्यात आपला चंद्रपूर जिल्हा! उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा उन्हातून ट्रकमधून आलेली आणि पत्र्याच्या गोदामात पडलेली बिअर लवकर शिळी होते. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आली की समजा, हिने खूप ऊन सोसलंय. दुसरं, बाटलीचा रंग. उजेड लागला की हॉप्समधली द्रव्यं बिघडतात आणि घाणेरडा वास सुटतो. तपकिरी काच उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी कमी, पारदर्शक तर नाहीच. कॅन सगळ्यात सेफ. म्हणजे दुकानाच्या शोकेसमध्ये उन्हात चमकणारी हिरवी बाटली 'कूल' दिसली तरी ती घेऊ नका.

तिसरं, लेबलवरचं अल्कोहोलचं प्रमाण. पाच टक्क्यांच्या आतली बिअर घेतलीत तर चव कळायला डोकं जागेवर राहतं. आठ टक्क्यांच्या बाटलीत चव शोधणं म्हणजे डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून बासरी ऐकण्यासारखं आहे.

सोबत खायला काय? सावजी रस्सा असेल तर कडवट आयपीए टाळा. कडवटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाला हवा देतात. गव्हाची मऊ बिअर किंवा गोडसर माल्टची अंबर एल जिभेला शांत करते. भजी, पाटवडी असेल तर बुडबुड्यांची पिल्सनर, तेल कापून काढते. चुलीवरच्या वांग्याच्या भरताबरोबर स्टाउट ट्राय करा. धुराला धूर भेटतो. आणि अमलनाल्याच्या बाजूला फिरायला गेलात आणि मासे मिळाले, तर धणे-संत्र्याची विट. फक्त धरणावर बाटली नेऊ नका. चव घरी घ्या, काचा पाण्याकाठी नकोत.

पण इथे 'चिअर्स' म्हणणं सोपं नाही...

आता जरा सिरियस. कारण पुण्यात बसून क्राफ्ट बिअरवर लिहिणं वेगळं आणि चंद्रपूर-गडचिरोलीत लिहिणं वेगळं.

वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीत शिरलात की तुमच्या बॅगेतली एक बाटलीही गुन्हा ठरते. तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे. ती वरून लादली गेली नव्हती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या साथीने गावोगावच्या लोकांनी, त्यातही बायकांनी, कित्येक वर्षं आंदोलन करून ती मिळवली. पुढे चंद्रपुरातही तेच झालं. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारच्या नेतृत्वाखाली बायका चिमूरहून चालत नागपूरच्या विधानभवनावर धडकल्या. मागणी एकच : आमच्या जिल्ह्यातली दारू बंद करा. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. गडचांदूरही त्यातच.

मग काय झालं, हे इथल्या कोणालाही विचारा. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, खाली तेलंगणा. तिथून माल येत राहिला, दुप्पट-तिप्पट भावाने. बनावट आला, विषारी आला. पोरांच्या दप्तरातून बाटल्या जाऊ लागल्याच्या बातम्या छापून आल्या. शेवटी २७ मे २०२१ ला राज्य मंत्रिमंडळाने बंदी उठवायचा निर्णय घेतला आणि जुलैमध्ये दुकानांची शटरं पुन्हा वर गेली. त्या दिवशी काउंटरवर रांगा लागल्या. आणि ज्या बायका चिमूरहून चालत गेल्या होत्या, त्यांना काय वाटलं असेल याचा विचार त्या रांगेतल्या किती जणांनी केला?

बंदी बरोबर की चूक, यावर दोन्हीकडून तावातावाने बोलणारे भरपूर आहेत. आपण एवढंच बघू, की या सगळ्यात इथल्या माणसाला दोनच पर्याय दाखवले गेले : एक तर पूर्ण बंद, नाहीतर पडेपर्यंत पिणं. बंदीच्या काळात तर पिणाऱ्याने चव बघावी अशी सोयच नव्हती. लपून, घाईत, मिळेल ते आणि मिळेल तेवढं! चोरून प्यायचं म्हटलं की बिअरपेक्षा कडक दारूच सोयीची, कारण खिशात मावते. सहा वर्षांत एक अख्खी पिढी पिणं म्हणजे काय हे अशीच शिकली.

मधली वाट आहे ती चवीची. एक ग्लास, नाव माहीत असलेला, तारीख बघितलेला, चौघांत वाटलेला, जेवणाबरोबर घेतलेला आणि दुसऱ्या ग्लासाची गरज नसलेला. ही वाट सगळ्यांसाठी आहे असं अजिबात नाही. ज्याला थांबता येत नाही त्याच्यासाठी पहिला घोटही नकोच. आणि ज्या घरात पगाराच्या दिवशी दारूच्या वासाने भीती शिरते, त्या घराला 'केळ्याचा सुगंध बघा' म्हणून सांगणं क्रूर आहे. पण जो तरुण शनिवारी बसणारच आहे, त्याला 'किती?' ऐवजी 'कशी?' विचारायला शिकवलं, तर त्याच्या रविवारमध्ये नक्की फरक पडेल.

पहाटे पडणारी फुलं

आणि आता असली 'लोकल क्राफ्ट'बद्दल. कारण इथली खरी लोकल चव बाटलीत नाही, जंगलात आहे. मोह!

मार्च-एप्रिलमध्ये माणिकगडच्या डोंगरात, जिवतीच्या रस्त्याला, गडचिरोलीच्या जंगलात पहाटेच्या अंधारात मोहाची फुलं टपटप पडतात. फिकट पिवळी, मांसल, गोड वासाची. बायका आणि मुलं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन जातात. वेचलेली फुलं अंगणात वाळत पडतात. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून जास्त साखर असते. म्हणून ती नुसतीही खातात, लाडू करतात आणि बियांचं तेल काढतात. त्याच फुलांची दारूही गाळतात. गोंड आणि माडिया समाजात जन्म, लग्न, मरण, देवाची पूजा... मोहाच्या दारूचा थेंब वाहिल्याशिवाय काही पुरं होत नाही. ज्याला आपण 'स्थानिक कच्चा माल, हंगामी, हाताने बनवलेलं, छोट्या प्रमाणात' म्हणून क्राफ्टच्या मेन्यूकार्डवर मिरवतो, ते सगळं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. फक्त त्याला कोणी 'क्राफ्ट' म्हटलं नाही. 'हातभट्टी' म्हटलं.

इथे एक घोळ समजून घ्या. गूळ आणि नवसागर टाकून घाईने गाळलेली विषारी दारू वेगळी आणि मोहाची परंपरेतली दारू वेगळी. पण कायद्याने आणि शहरी नजरेने दोन्ही एकाच पिंपात ओतल्या. ही सवय जुनी आहे. ब्रिटिशांना अबकारीचा महसूल हवा होता. मोह फुकट झाडाखाली पडायचा, त्यावर कर कसा लावणार? म्हणून त्यांनी १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास 'म्हौरा ॲक्ट' आणला. झाडाखालची फुलं वेचण्यावरच निर्बंध! आपल्या अंगणातल्या झाडाची फुलं उचलणं गुन्हा ठरावा, ही कल्पना करून बघा.

गोव्यात बघा काय झालं. काजूची फेणी वर्षानुवर्षं 'कंट्री लिकर' म्हणून हिणवली गेली. २००९ मध्ये तिला जीआय मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. आज पर्यटक ती शोधत जातात. मोहाच्या बाबतीतही हालचाल सुरू आहे. २०१८ मध्ये डेस्मंड नाझरेथ यांच्या कंपनीने मोहाची दारू लेबल लावून, रीतसर परवान्याने बाजारात आणली. मध्य प्रदेशात अलीराजपूर आणि डिंडोरीच्या आदिवासी बचत गटांना मोहाचं 'हेरिटेज' मद्य बनवायची वाट सरकारने खुली केली.

वाचायला सही वाटतं. पण इथेच खरा प्रश्न आहे. उद्या मोहाची चकाचक बाटली मुंबईच्या बारमध्ये दिसली, तर त्यातले किती रुपये पहाटे चारला टोपली घेऊन गेलेल्या बाईला मिळणार? आणि तिच्या गावात त्या बाटलीचा कारखाना आला, तर तिच्या नवऱ्याच्या हातात काय येणार? तिला पैसेही हवेत आणि शांत घरही. दोन्ही मागण्या तिच्याच आहेत. पेसा कायद्याने आदिवासी गावांत दारूबद्दल ठरवायचे अधिकार ग्रामसभेला दिलेत. तो निर्णय तिच्यासमोर, तिच्या गावात व्हायला हवा. बारच्या मेन्यूकार्डावर नाही.

नाव कोणाचं?

जाता जाता या जिल्ह्यातलीच एक गोष्ट. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. थोडीशीच शेती. १९८३ मध्ये त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या बाजूला काढल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ निघाला त्याला त्या काळच्या गाजलेल्या घड्याळावरून नाव पडलं : एचएमटी. पुढे तो पाचेक राज्यांत पसरला. तुमच्या मेसच्या ताटातही बहुतेक तोच असतो. दादाजी २०१८ मध्ये गेले. हलाखी शेवटपर्यंत सुटली नाही.

तांदळाचं इथे काय काम? सांगतो. बड्या कंपन्यांच्या कित्येक लागरमध्ये बार्लीबरोबर तांदूळ किंवा मका असतो. बिअर हलकी आणि स्वस्त पडावी म्हणून. क्राफ्टवाले बरेचदा त्याला नाकं मुरडतात. पण दादाजींनी जे केलं तेच तर क्राफ्ट आहे! एका शेतात वाकून बघणं, फरक ओळखणं, निवडणं, थांबणं. आपण दाद दिली ती तांदळाला. माणसाला मात्र दिली नाही.

म्हणून पुढच्या शनिवारी ग्रुपवर 'बसायचं का?' आलं, तर एवढं करून बघा. चौघांत चार वेगळ्या बाटल्या, प्रत्येकी पाच टक्क्यांच्या आतल्या. तारीख वाचा. ग्लास घ्या. आधी वास. प्रत्येकाने एक शब्द सांगायचा, कशासारखी लागली ते. कोण बनवतं, कुठल्या पाण्यात, कुठल्या धान्यातून, हेही विचारा. उत्तर सापडलं नाही तर ती बाटली पुढच्या वेळी घेऊ नका. आणि गाडी काढायची असेल तर ग्लास नाहीच. राजुऱ्याच्या रस्त्यावर रात्री कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक असतात आणि त्यांना तुमच्या टेस्टिंगशी काही देणंघेणं नाही. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, बाकी दारूसाठी २५, हेही ध्यानात असू द्या. घरच्या बादलीत बिअर लावायची हौस आली तर ती आवरा. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.

चव कळायला लागली की आपोआप कमी प्यायली जाते. कारण मग तुम्ही नशेची वाट बघत नाही, पुढच्या घोटाची बघता. आणि चंद्रपूरच्या मातीत, जिथे बाटलीने इतकी घरं बघितलीत, तिथे ग्लास उचलायचाच असेल तर तो इतक्या सावकाश उचलावा, की शेजारच्या घरातल्या बाईला दार लावून घ्यावंसं वाटू नये.

चिअर्स... पण जरा दमानं!